खुर्च्यांचं बारसं

अण्णा, आधी भांडण पुरं करते, मग रडायचं काय ते बघू. तुझी सवयच होती, भांडण अर्ध्यावर सोडून फोन ठेवायचा आणि चार दिवसांनी काही झालंच नाही अशा आवाजात विचारायचं, "शके, वैरागला ऊन किती हाय गं?" या वेळी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. मी इकडं तोंडात शब्द घेऊन बसलेय, आणि ऐकणारा मोठा भाऊ जाग्यावर नाही.

लोक भेटायला आले. कुणी तुझा स्वभाव सांगितला, कुणी तुझं अक्षर, कुणी तुझ्या हाताखालून गेलेली पोरं कुठं कुठं पोचली ते. मी मान हलवत होते, पण मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच भुंगा. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि तुझ्या क्लासमधल्या पोरांना नाउन कशाला म्हणतात ते तू सांगून गेला नाहीस.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. इंग्रजीचा मास्तर, आणि नाउन सांगितलं नाही? पण तुझी तऱ्हाच तशी. साखर पेठेतल्या घराची पुढची खोली म्हणजे तुझा क्लास. पोरं बहुतेक कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या घरांतली, रिक्षात कोंबून येणारी. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कानडी, कुणाच्या दखनी, आणि शाळेत सगळ्यांना मराठी. फळ्यासमोर मंडपवाल्यानं मोडीत काढलेल्या तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. लाल, निळी आणि पांढरी. जूनमध्ये तू एकेका पोराला एक इंग्रजी शब्द द्यायचास, आणि तो शब्द वर्षभर त्याचा. 'आयर्न' मिळालेल्या पोरीनं लाल खुर्चीत बसून सांगायचं की आमच्याकडं इस्त्री आहे. निळीत बसून सांगायचं की मी शर्टाला इस्त्री करते. पांढरीत बसून सांगायचं की शाळेचं फाटक लोखंडी आहे. सगळं इंग्रजीतच. पोरगी तीच, शब्द तोच, खुर्ची बदलली की काम बदललं. कुणी चुकीच्या खुर्चीत बसलं की बाकीची पोरं "उठ, उठ" म्हणून गलका करायची. तू हसत उभा. कोणत्या खुर्चीचं नाव काय, ते मात्र तू सांगायचा नाहीस. नाउन, व्हर्ब, अ‍ॅडजेक्टिव्ह या शब्दांना तुझ्या खोलीत जानेवारी सरेपर्यंत मज्जाव.

मराठीच्या पुस्तकात याला शब्दांच्या जाती म्हणतात. ते तर तू तोंडातच घ्यायचा नाहीस. "पोरांनी शब्दाला काम विचारावं," म्हणायचास. "बाकीच्या चौकशा करायला लोक हायत की."

आणि मग गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. ती संपून मैदानातले पाळणे उतरले की तुझ्या खोलीत खुर्च्यांचं बारसं. लेकरू जन्मल्या जन्मल्या त्याचं नाव ठेवतात का, असं तुझं म्हणणं. आधी त्याचं तोंड बघतात, ते रडतं कसं, झोपतं कसं ते बघतात, मग नाव. महादेवी वहिनी घुगऱ्या शिजवायची. लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून वैरागहून मला यावं लागायचं, शाळेत रजा टाकून. रजेच्या अर्जात कारण काय लिहू? मी 'घरगुती कार्य' लिहायची. केस पिकलेली बाई मी, वर्गात माझ्या आवाजानं पोरं गार होतात, आणि इथं येऊन गुडघ्यावर बसून प्लास्टिकच्या खुर्चीला 'कुर्र' करायचं. मी नाव सांगितलं की तिथून पुढं पोरांना ते नाव घ्यायची मोकळीक. दर वर्षी येताना एसटीत चरफडायची, आणि दर वर्षी यायची.

एका वर्षी अर्ध्या वाटेतच एसटी बंद पडली. मी पोचले तेव्हा दिवेलागण झालेली. मला वाटलं, पोरं घरी गेली असतील, सुटले. बघते तर सगळी ओळीनं बसलेली, घुगऱ्यांवर ताट झाकलेलं, आणि तू दारात. "नावं सांगून टाकायची की रे," मी म्हणाले. तू म्हणालास, "आत्या हयात असताना?" पोरं खो खो हसली. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं नाही. पाय दुखत होते.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. आधी नाव सांग, मग खेळव. मी वैरागच्या शाळेत तसंच शिकवते. तक्ता लावते, व्याख्या पाठ करून घेते, आणि माझी पोरंही पास होतात. पेपर तपासणारा तुझ्या खुर्च्या बघायला येत नाही. तू म्हणायचास, "तुझी पोरं नाव बरोबर सांगतात, पण शब्द कुटं बसलाय ते त्यांना दिसत न्हाय." मी म्हणायची, "तुझ्या पोरांना सगळं दिसतं, फक्त उत्तर लिहिता येत नाही." मग वहिनी दोघांच्या मध्ये चहा आणून ठेवायची आणि आपण बशी वाजवत गप्प बसायचो.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला माहीत आहे. मी तेव्हा लहान, तू हायस्कुलात नुकताच गेलेला. वॉटर म्हणजे नाउन, असं गुरुजींनी सांगितलं आणि तू ते घोकलंस. दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालण्याचं वाक्य आलं, तरी तू छाती काढून नाउनच म्हणालास. छडी बसली. "काल तर तुमीच सांगितलं की," असं तू म्हणालास, तेव्हा आणखी बसली. संध्याकाळी मी तुझ्या तळहाताला खोबरेल चोळत होते. तू डोळे पुसून मला म्हणालास, "शके, मी मोठा झालो की आधी नाव सांगणार न्हाय." इतर पोरं मोठी होऊन डॉक्टर, इंजिनियर व्हायचं म्हणतात. तुझं हे.

आणि मला इंग्रजी कुणी शिकवलं? तूच की. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, आपल्या अप्पांच्या भुसार दुकानातली पोती होती. तांदळाच्या पोत्यावर बस, ज्वारीच्या पोत्यावर बस, आता तुरीच्या. माझा शब्द 'लाइट'. दिवा, दिवा पेटवणं, फिकट रंग. अप्पा ओरडायचे, "पोती फाटतील," आणि मी या पोत्यावरून त्या पोत्यावर उड्या मारत इंग्रजी शिकले. पुढं शिक्षिका झाले ती त्या उड्यांच्या जोरावर. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्याच भांडणात तू ते माझ्यावर उलटवलं असतंस. आता उलटवायला तू नाहीस, म्हणून सांगते. अण्णा, माझ्या ताटातला घास तुझा आहे.

या वर्षी मात्र तू कहर केलास. पूर्वपरीक्षा एरवी बारशानंतर व्हायची, या वर्षी ती आधीच झाली आणि जानेवारीत पोरांच्या शाळेनं पेपर वाटले. अधोरेखित शब्द वाक्यात काय म्हणून आलाय ते सांगा, असा प्रश्न होता. तुझ्या क्लासच्या एकूण एक पोरानं लिहिलं होतं, रेड, ब्लू, व्हाइट. स्पेलिंग बरोबर, एवढंच काय ते समाधान. शाळेतल्या बाईंनी पेपर वर्गात वाचून दाखवला. सगळा वर्ग हसला. घरी आयांनी पाठी सडकल्या. मला हे कळलं तशी मी इकडं माझ्या शाळेच्या व्हरांड्यातूनच तुला फोन लावला.

"अण्णा, पोरांचं वाटोळं करतोयस तू."

"खुर्च्या बरोबर लिहिल्या की न्हाय?"

"खुर्चीला मार्क मिळत नाहीत. आजच्या आज नावं सांगून टाक."

"बारशाला ये. मग बोलू."

"मी येणार नाही या वर्षी. मला या खुळात ओढू नकोस."

तू हसलास. "आत्याशिवाय बारसं होतंय व्हय?" म्हणालास आणि फोन ठेवलास. ते हसणं माझ्या कानात अजून आहे. इतका राग आला होता मला, की दुपारच्या तासाला मी उगाच पोरांवर खेकसले. चार दिवसांनी तुझा फोन येईल, उन्हाचं विचारशील, तेव्हा सुनवायचं म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती.

फोन आला तो वहिनीच्या भावाचा. गड्डा उठायच्या आधी तूच उठून गेलास. सकाळच्या बॅचची वेळ झाली होती, चहा पुढ्यात होता, एवढंच मला सांगितलं आणि एवढंच मला पुरे आहे.

आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तुला बसवला. कपाळाला भस्म, हातात लिंग, आणि रुद्रभूमीत नेऊन बसल्या बसल्याच मातीत ठेवला. मी कडेला उभी होते. माणसं माती लोटत होती आणि मला तुझ्या वर्गासारखा गलका करावासा वाटला, की उठ, उठ अण्णा, चुकीच्या जागी बसलायस. ओठापर्यंत आलं होतं. शेजारी वहिनी होती म्हणून गिळलं.

घरातली माणसं पांगत नाहीत तोच पालक आले. व्यंकटेशचे वडील पुढं होते, टॉवेलच्या कारखान्यात कामाला असतात ते. चप्पल बाहेर काढून, हात बांधून उभे राहिले. "सर लई मोठा माणूस, म्याडम. वेळ न्हाय ही बोलायची, कळतंय आमाला. पण आमचं पोरगं नाउन म्हणलं की तोंडाला कुलूप लावून बसतंय. तुमी शिकवताय का सांगा. न्हायतर आमी दुसऱ्या क्लासला घालतो." मागं श्रावणीची आई होती. तिनं एवढंच सांगितलं, की पोरगी इंग्रजीत नापास झाली तर शाळा बंद, विड्या वळायचं सूप मांडीवर घ्यायचं, असं तिच्या बापानं ठरवलंय. "ह्यांनी एकदा ठरवलं की माझं कोण ऐकतंय," असं म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली. मी शिकवते म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

पण खोलीला कुलूप होतं आणि किल्ली वहिनीच्या कमरेला.

"बेडा," वहिनी म्हणाली. चिडली की तिचं 'नको' कानडीतच येतं, तुला माहीत आहे. "त्या खोलीत कुणी जायचं न्हाय."

"वहिनी, परीक्षा आलीय पोरांची."

"शिकवा की. अंगणात शिकवा. बारसं-बिरसं काय करायचं न्हाय पण. घरातलं माणूस गेलंय आन् कुर्र करत बसायचं?"

"आपल्यात सुतक मानत नाहीत. अण्णाच सांगायचा."

"शास्त्रात न्हाय, शकूताई. माझ्या मनात हाय."

ती चुकीचं काय बोलत होती? ज्या बाईनं इतकी वर्षं घुगऱ्या शिजवल्या, तिच्याच घरात तिला न विचारता पाळण्याची रीत करायची? आणि खरं सांगू, आतून मला बरंही वाटलं. बारसं नाही म्हणजे तक्ता. तक्ता म्हणजे माझी पद्धत. तासाभरात तीन नावं सांगते, व्याख्या लिहून देते, पोरं मार्गी लागतात आणि मी वैरागची एसटी धरते. मी वहिनीला शब्द दिला, की बारसं करणार नाही, खुर्च्या हलवणार नाही. तिनं किल्ली काढली, पण माझ्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली.

आज सकाळी पोरं आली. दप्तरं मांडीवर घेऊन बसली, सगळ्यांचे डोळे खुर्च्यांवर. खुर्च्यांना मी हात लावला नाही, त्यांच्या मागं फळ्यावर तक्ता टांगला. तांबडी रेघ मारलेला, मोठ्या अक्षरांचा, माझा लाडका तक्ता. "माझ्यामागं म्हणा," मी म्हणाले, आणि पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. कुणी तोंड उघडलं नाही. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. व्यंकटेशचे वडील मुलाला सोडायला आलेले, ते दारातच थांबले होते. माझे कान तापायला लागले. म्हटलं, दुःखात आहेत पोरं, लिहून तरी दाखवतील. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, शब्दाखाली रेघ मारली, आणि वहीत उत्तर लिहा म्हणाले. मग फिरून वह्या बघितल्या. रेड. रेड. रेड. सगळ्यांच्या वहीत रेड.

अण्णा, माझा तोल गेला. समोर तक्ता आहे, नाव वाचून दाखवलंय, बघून लिहायचं तेवढं लिहा की. "बोर्डात हे लिहून या, भोपळा मिळेल," मी ओरडले. "तुमचे सर गेले, तुम्हाला तरी अक्कल आहे का?" ओरडल्यावर माझा मलाच आवाज ऐकू आला आणि मी फळ्याकडं तोंड केलं.

मागून श्रावणी उठली. "आत्या, आमाला येतंय."

"काय येतंय?"

"नावं. आठवीपासनं येतात की. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलीत."

"मग लिहीत का नाही?"

ती नखानं वहीचा कोपरा खरवडत म्हणाली, "बारसं कुटं झालंय? त्याच्याआधी नाव घ्यायचं न्हाय, असं ठरलंय सरांशी."

"आणि पूर्वपरीक्षेत?"

"तवा बी झालं नव्हतं की."

मागच्या ओळीतून सोहेल म्हणाला, "सरांना विचारलं हुतं आम्ही, पेपरात लिवू का म्हणून. सर बोलले, शाळेचा पेपर हाय, मार्क गेले तर जाऊ द्या, बोलल्याला जागा. बोर्डाच्या आधी आत्या येतीच म्हणले. रागावती, पण येती."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी व्हरांड्यात उभी राहून घसा फोडत होते तेव्हा तुला ठाऊक होतं, की या पोरांना सगळं येतंय आणि नुसत्या एका ठरलेल्या गोष्टीपायी ती मार खातायत. आणि तू हसलास. "शके, त्यांना येतंय गं," एवढं एक वाक्य सांगायला तुझं काय जात होतं? मी किती जीव जाळला. तुला मातीत ठेवताना सुद्धा मी मनात तुझ्याशी याच गोष्टीवरून भांडत होते. आता हा राग मी कुणावर काढू? अजून सांगते, तू चुकलास. पोरांच्या मार्कांशी असा खेळ करू नये, मग पोरं कितीही गुणाची असोत. हे भांडण मी मिटवणार नाही, तू गेलास म्हणून तुला सूट नाही. पण वर्गात हसं झालं, घरी पाठ सडकली, तरी ही एवढीशी पोरं तुझ्या शब्दावरून हलली नाहीत. माझ्या तक्त्यावर कुणी असा जीव लावलेला मला तरी आठवत नाही. आणि मी येईन याची तुला खात्री होती. माझी मला नव्हती.

दारातले व्यंकटेशचे वडील मुलाकडं एकटक बघत होते. चप्पल काढून आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

आता माझ्यापुढं दोनच वाटा. बारसं करावं तर वहिनीला दिलेला शब्द मोडतो. न करावं तर ही पोरं बोर्डाचा पेपर रेड आणि ब्लू लिहून देणार, याबद्दल मला तीळमात्र शंका राहिली नव्हती. आणि श्रावणीच्या मांडीवर सूप येणार. मी तक्ता उतरवला आणि गुंडाळला. मागं वळले तर मधल्या दारात वहिनी उभी. पदर तोंडाला लावलेला. किती वेळ उभी होती, काय काय ऐकलं तिनं, देव जाणे. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बेडा म्हणाली असती, आणि मग मला पुढं पाऊल टाकता आलं नसतं.

मी लाल खुर्चीपुढं गुडघे टेकले. घुगऱ्या नाहीत, भस्माचं बोट नाही, काही नाही. खुर्चीच्या पाठीला तोंड लावलं आणि कुर्र केलं. आत्यानं कुर्र केलं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही बारशाची रीतच आहे. आपल्या खोलीत तो मान तू बायकांकडून हिसकावून घेतलेला. मी वाकून थांबले. पाठ पुढं केलेली, डोळे मिटलेले. कुणी हललं नाही. वैरागच्या म्याडमच्या पाठीत हात घालायची कुणाची छाती होणार? मी पुन्हा कुर्र केलं. नाव जिभेवर होतं, तोंडातून सुटेना. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, अण्णा, की तू खरंच नाहीस.

आणि पाठीत असा दणका बसला की माझं कपाळ खुर्चीवर आदळलं.

वहिनी होती. "सांगा की नाव," ती म्हणाली. "पोरं कवाची ताटकळलीत."

मी सांगितलं. पोरांनी ते एकदम, एका आवाजात म्हटलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या जोरात. मग निळीचं. मग पांढरीचं. प्रत्येक वेळी धपाटा, आणि एकही हलका नाही. वहिनीचा हात तुझ्यापेक्षा जड आहे, अण्णा. डोळ्यांना पाणी आलं ते त्यामुळंच, असं मी पोरांना सांगितलं.